गुडघ्याखालची उशी आधी काढा

प्रश्न : मी ४७ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. उजव्या मांडीत पुढच्या-बाहेरच्या बाजूला १४ सेंटिमीटरची गाठ होती. निदान मिक्सॉइड लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीच्या ऊतींचा कॅन्सर. सात आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालं. कागदावर लिहिलंय की व्हास्टस लॅटरॅलिस आणि व्हास्टस इंटरमिडियस हे स्नायू काढले, मांडीच्या हाडावरचं पेरिऑस्टियम (आवरण) खरवडून काढलं, कडा स्वच्छ आहेत, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर दिसला नाही. दहा दिवसांपासून लाइट (रेडिएशन) सुरू आहे, एकूण ३३ वेळा घ्यायची आहे. गुडघा जेमतेम ६० अंश वाकतो. पाय उचलला की पूर्ण सरळही होत नाही, थोडा वाकलेलाच राहतो. ठणकू नये म्हणून सासूबाई गुडघ्याखाली उशी देतात. नणंद म्हणते मालिश करून घे. दीर म्हणतात हात लावलास तर गाठ पसरेल, आणि पायच काढून टाकला असता तर जिवाला घोर उरला नसता. पुन्हा मांडी घालून बसता येईल का? काठी कधी सुटेल? माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे.
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आज रात्रीपासून ती उशी बंद. सासूबाईंचा हेतू चांगला आहे आणि आराम वाटतो हेही खरं, पण या घडीला तुमच्या गुडघ्याचं सगळ्यात जास्त नुकसान ती उशीच करतेय. न वाकणाऱ्या गुडघ्याची काळजी सगळ्यांनाच वाटते, सरळ न होणाऱ्या गुडघ्याकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. तुमच्या बाबतीत क्रम उलटा हवा.

मांडीच्या पुढच्या क्वाड्रिसेप्स स्नायूचे चार पेड असतात आणि चारही खाली गुडघ्याच्या वाटीत गुंफलेले असतात. तुमचे बाहेरचा आणि मधला खोल असे दोन गेले; आतला व्हास्टस मीडियालिस आणि वरून येणारा रेक्टस फेमोरिस असे दोन उरले. उरलेल्या दोन पेडांवर माणूस नीट चालू शकतो, जिने चढू शकतो, पण एका अटीवर : उभं राहताना गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे. गुडघा सरळ असला की शरीराचा भार सांध्याच्या पुढून जातो, गुडघा आपोआप टेकतो आणि स्नायूला जवळपास सुट्टी मिळते. तोच गुडघा १५ अंश वाकलेला राहिला तर उभं असेपर्यंत क्वाड्रिसेप्सला ओढून धरावं लागतं. धडधाकट माणसालाही हे तासभर जमत नाही, तुमच्याकडे तर निम्मेच पेड आहेत. फळ्यापाशी उभं राहिल्यावर दहा मिनिटांत मांडी थरथरेल आणि एखाद्या दिवशी जिन्यात गुडघा दगा देईल.

आता एक तपासणी घरीच करा. पलंगावर पाठीवर झोपा, टाचेखाली पंच्याची घट्ट गुंडाळी ठेवा, गुडघ्याखाली काहीही नको. पाय पूर्ण सैल सोडून पाच मिनिटं थांबा. गुडघ्याची मागची बाजू खाली झुकून पाय सरळ रेषेत आला, तर सांधा मोकळा आहे आणि अडचण फक्त ताकदीची आहे. पाय उचलल्यावर तो थोडा वाकतो त्याला एक्स्टेन्सर लॅग म्हणतात आणि व्यायामाने तो कमी होतो. सैल सोडूनही गुडघा वरच अडकून राहिला तर मागचे स्नायू आणि सांध्याचं आवरण आखडायला लागलंय. ते जास्त घाईचं. तसं दिसलं तर पुढच्या तपासणीची वाट न बघता याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टला दाखवा.

दोन्हींवर पहिला उपाय एकच. टाचेखाली ती गुंडाळी ठेवून १० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पुस्तक वाचा, फोन बघा, चालेल. ओढ बसेल, पण कळ येता कामा नये. त्याच स्थितीत गुडघ्याची मागची बाजू खाली गादीकडे दाबायची, म्हणजे मांडीचा स्नायू आवळला जातो. सहा आकडे मोजून सोडायचं. असं १० वेळा. आतला पेड खरंच आवळतोय का हे बघायला वाटीच्या वरच्या-आतल्या कोपऱ्यावर दोन बोटं टेकवा. तिथे गोटी घट्ट झाल्यासारखं लागलं पाहिजे. नुसता पार्श्वभाग आवळून पाय दाबला गेला तर बोटांखाली काहीच घट्ट होत नाही. बहुतेकांचं पहिले पंधरा दिवस असंच होतं.

सरळ पाय वर उचलण्याचा व्यायाम तुम्हाला शिकवला असेल. तूर्त तो थांबवा. उचलताना गुडघा वाकत असेल तर तो व्यायाम कमरेच्या स्नायूंना मिळतो आणि क्वाड्रिसेप्सला वाकलेल्या स्थितीत काम करायची सवय लागते. त्याऐवजी चादरीची १५ सेंटिमीटर जाड गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवा (ही फक्त व्यायामापुरती, लगेच काढायची), मांडी तिथेच टेकलेली राहू द्या आणि फक्त टाच उचलून गुडघा सरळ करा. तीन आकडे धरून सावकाश खाली. १० वेळा, दिवसातून तीन वेळा. गुडघा सरळ करण्याच्या शेवटच्या १५ अंशांसाठी स्नायूला आधीच्या दीडपटीहून जास्त जोर लागतो, म्हणून नेमका तोच भाग सगळ्यात उशिरा परत येतो. लॅग जाईपर्यंत चालताना बिजागरीचा नी-ब्रेस (गुडघ्याला बांधायचा आधार) सरळ स्थितीत लॉक करून वापरा. किती अंशांवर उघडायचा ते तुमचे सर्जन ठरवतील.

आता वाकवण्याकडे येऊ. तुमच्या बाबतीत गुडघा का अडतो याचं उत्तर त्या कागदात आहे. मधला खोल पेड हाडाला चिकटून असतो आणि वरचा रेक्टस त्याच्यावरून सरकतो. मधला गेला, हाडाचं आवरणही गेलं. आता रेक्टस सरळ उघड्या हाडावर टेकलाय आणि व्रण भरताना तिथेच चिकटू पाहतोय. अडथळा कुठे आहे हे ओळखायची खूण अशी : रेक्टस कंबरेच्या सांध्यावरूनही जातो, म्हणून खुर्चीत बसून गुडघा जितका वाकतो त्यापेक्षा पालथं झोपून बराच कमी वाकला तर अडथळा आखडलेल्या रेक्टसचा. दोन्हीकडे सारखाच अडला तर रेक्टस हाडाला चिकटलाय का, तसंच सांधा आणि वाटी बघायला हवी. फिजिओथेरपिस्टला हे दोन आकडे दिलेत तर त्यांचा अर्धा तास वाचेल.

वाकवायचा व्यायाम साधा आहे. पायात सुती मोजा घाला, पलंगावर एक प्लास्टिकची पिशवी पसरून त्यावर टाच ठेवा आणि टाच पार्श्वभागाकडे सरकवत आणा. जिथे अडेल तिथे ओढणीचा फेरा पायाला घालून हाताने अगदी थोडं पुढे घ्या, १५ ते २० आकडे थांबा, सोडा. १० वेळा, दिवसातून चार वेळा. झटके नकोत, कुणी दुसऱ्याने पाय दाबायला तर अजिबात नको. याच्या आधी वाटी मोकळी करायची : पाय सैल ठेवून वाटीच्या कडेला अंगठे लावा आणि ती वर, खाली, आत, बाहेर अशी प्रत्येकी दहा वेळा हळू सरकवा. वाटी खाली सरकली नाही तर गुडघा वाकत नाही, ती वर सरकली नाही तर सरळ होत नाही. लाइटच्या पट्ट्यात वाटीची त्वचा येत असेल आणि ती लाल झाली असेल तर ती बरी होईपर्यंत एवढा भाग सोडून द्या.

दुखण्याचं माप असं ठेवा. दहापैकी तीन-चार इतकं दुखणं व्यायामात चालतं, पण तासाभरात ते उतरलं पाहिजे. वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटिमीटर वर पेनाने खूण करा (लाइटवाल्यांच्या खुणांना धक्का न लावता) आणि रोज सकाळी तिथला घेर टेपने मोजा. आदल्या दिवसापेक्षा सेंटिमीटरभर वाढला तर काल जास्त झालं. आज वेळा निम्म्या करा, पूर्ण बंद करू नका. वाकण्याचं मोजमाप आठवड्यातून एकदाच : टाच पूर्ण जवळ आणून टाच आणि पार्श्वभाग यांतलं अंतर. रविवारी सकाळी, रोज बघू नका. रोज बघितलं की निराशाच होते, अंतर रोज कमी होत नाही.

लाइटबद्दल दोन गोष्टी नीट समजून घ्या, कारण पुढची दोन वर्षं त्यावर अवलंबून आहेत.

तुमच्या ३३ वेळा म्हणजे नेहमीच्या २ ग्रेच्या हिशेबाने ६६ ग्रे (ग्रे हे लाइटच्या मात्रेचं माप). हाच उपचार ऑपरेशनच्या आधीही देता येतो, तेव्हा ५० ग्रे पुरतात. कॅनडात या दोन पद्धतींची तुलना झाली आणि २००२ मध्ये निष्कर्ष छापले गेले : आधी दिल्यास जखम बिघडण्याचं प्रमाण ३५ टक्के, नंतर दिल्यास १७ टक्के. म्हणजे तुमची जखम नीट भरली याचं थोडं श्रेय या क्रमालाही आहे. पण त्याच रुग्णांची दोन वर्षांनी तपासणी झाली तेव्हा पायाचा कडकपणा नंतर लाइट घेतलेल्यांत अधिक होता, साधारण ४८ टक्के विरुद्ध ३१ टक्के. संख्याशास्त्राच्या काट्यावर हा फरक अगदी निर्विवाद नाही, पण तो रोजच्या अनुभवाशी जुळतो : मात्रा जास्त, जागा मोठी, म्हणून ऊती जास्त घट्ट होतात. हे घट्ट होणं लाइट संपल्यावर थांबत नाही. ते तेव्हा कुठे सुरू होतं आणि महिनोन् महिने, कधी दोन वर्षांहूनही जास्त चालू राहतं. म्हणून शेवटच्या लाइटच्या दिवशी पेढे वाटून व्यायाम सोडू नका. मिळवलेले अंश सहाव्या-आठव्या महिन्यात हातचे जातात ते बहुतेक इथेच.

आत्ता, लाइट चालू असताना, नवे अंश मिळाले नाहीत तरी असलेले टिकवणं हेच काम. त्वचेचा त्रास शेवटच्या दोन आठवड्यांत आणि संपल्यानंतर आठवडा-दोन आठवडे सगळ्यात जास्त असतो. म्हणून पुढच्या तीन आठवड्यांत ९० अंशांकडे जितकं जाता येईल तितकं जा, नंतर फक्त राखा. साडी किंवा सैल सुती पायजमा वापरा, लेगिंग्ज नकोत. चिकटपट्टी नको. थकवा येणारच, तरी रोज १०-१५ मिनिटं दोनदा सपाट जागी चाला. पडून राहिल्याने थकवा वाढतो.

आणि शेक नको. गरम पाण्याची पिशवी, वाळूचा शेक, हळदीचा गरम लेप, झोंबणारं मलम यांपैकी काहीही नको, पुढेही नको. लाइट घेतलेल्या त्वचेची जाणीव कमी झालेली असते. भाजलेलं फोड आल्यावर कळतं आणि तो फोड महिना-महिना भरत नाही. फिजिओथेरपी सेंटरमध्ये डायथर्मी (मशीनने खोलवर शेक), अल्ट्रासाउंड किंवा करंटचं मशीन त्या मांडीवर लावू लागले तर तिथे कॅन्सर होता हे सांगून नको म्हणा.

मालिशीबद्दल नणंद आणि दीर दोघंही अर्धे बरोबर आहेत. काढून टाकलेल्या, कडा स्वच्छ असलेल्या जागी व्रण हळू चोळल्याने कॅन्सर पसरत नाही. पण लाइट चालू असलेल्या त्वचेवर तेल घालून रगडलं तर ती सोलते. थांबा. लाइट संपून त्वचा पूर्ण बरी झाली की, साधारण सहा-आठ आठवड्यांनी, रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारून सुरू करा : दोन बोटांची पेरं व्रणावर टेकवायची, त्वचेवर न घसरता खालचा भाग गोल फिरवायचा, मग व्रणाला आडवं सरकवायचं. थोडं खोबरेल किंवा व्हॅसलिन, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. त्वचा खालच्या थरावर सरकायला लागली की रेक्टसही सुटायला लागतो. पोटऱ्या-मांड्या तुडवून घेण्याची मालिश मात्र कायमची बंद.

दिरांचं दुसरं म्हणणं खोडून काढायला हवं. पाय काढणं आणि पाय वाचवून लाइट देणं यांची तुलना अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने ४३ रुग्णांत केली आणि ती १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच जागी गाठ परत येण्याचं प्रमाण पाय वाचवलेल्यांत थोडं जास्त होतं, पण जगण्यात फरक पडला नाही. तेव्हापासून जिथे जमतं तिथे पाय वाचवतात. तुमच्या सर्जननी भीड म्हणून पाय ठेवलेला नाही.

मात्र कागदावरच्या ‘पेरिऑस्टियम काढलं’ या दोन शब्दांकडे घरात कुणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही. हाडाला वरून रक्त पुरवणारं आवरणच ते. ते गेलं आणि त्यावर ६० ग्रेच्या वर लाइट पडला की मांडीचं हाड ठिसूळ होतं. मोडलं तर बहुधा काही वर्षांनी मोडतं, अनेकदा किरकोळ कारणाने, आणि जुळायला फार त्रास देतं. बायकांत आणि पन्नाशीपुढे हा धोका जास्त. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, पाळी थांबली असेल तर हाडांची घनता मोजायला सांगा. उड्या, दोरीवरच्या उड्या, पाय जमिनीत रोवून कंबर वळवणं नको. भार टाकल्यावर मांडीत नवीन, खोल दुखणं सुरू झालं तर स्नायू आखडला असेल म्हणून चार दिवस काढू नका. त्या दिवशी काठ्या घ्या, भार काढा आणि एक्सरे काढा. काही जणांत आधीच हाडात रॉड घालतात. तुमच्या बाबतीत तो विचार झाला होता का, हे सर्जनना विचारा.

काठी डाव्या हातात, म्हणजे चांगल्या बाजूला. तिची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीशी यावी. ती कधी सुटेल हे कॅलेंडर बघून ठरत नाही. तीन गोष्टी जमल्या की सोडा : ओट्याला बोट टेकवून उजव्या पायावर दहा आकडे उभं राहता आलं, खोलीभर चालताना लचक दिसली नाही (कुणाला तरी मागून फोनवर व्हिडिओ काढायला सांगा, स्वतःला लचक कळत नाही), आणि पंधरा दिवसांत गुडघ्याने एकदाही दगा दिला नाही. घरात सुटली तरी बाजारात, एसटीत, पावसाळ्यात आणखी महिना ठेवा. गर्दीत काठीचा एक उपयोग वेगळाच, लोक धक्का देत नाहीत.

जिना : चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा आधी, एका पायरीवर दोन्ही पाय, एक हात कठड्याला. उतरणं जास्त अवघड, कारण तिथे क्वाड्रिसेप्सला भार धरून सावकाश सोडावा लागतो. सराव १० सेंटिमीटरच्या पाटावर करा, ओट्याचा आधार घेऊन, १० वेळा. सात-आठ महिन्यांनी पायरीइतकी उंची. दोन मजले दिवसातून चार वेळा मात्र या वर्षी नकोत. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन वर्ग तळमजल्यावर मागा, सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा. शाळेत उंच स्टूल ठेवा, ज्यावरून पाय जवळपास सरळ ठेवून टेकता येईल. बसकी खुर्ची नको, तिच्यातून उठायला गुडघा शंभर अंशांच्या पुढे वाकवून जोर लावावा लागतो.

मांडी घालण्याचं खरं सांगायचं तर : चालायला साधारण ६५ अंश पुरतात, जिना चढायला ८५ ते ९०, उतरायला आणि खुर्चीतून उठायला ९० ते १०५. मांडी घालायला आणि उकिडवं बसायला १२०-१३० किंवा त्याहून जास्त. तुमच्यासारख्या ऑपरेशननंतर आणि ६६ ग्रेनंतर १००-११० वर्षभरात धरता येण्यासारखं ध्येय आहे. मांडी काहींना जमते, बऱ्याच जणांना अर्धवटच. जमली तरी जमिनीवरून उठताना उजव्या गुडघ्यावर जोर देऊन उठू नका. आधी डावा पाय उभा करा, हात खुर्चीवर. देशी संडास असेल तर वर ठेवायची कमोड-खुर्ची आजच आणा. पूजेला चौरंगाऐवजी उंच स्टूल घेतलं तर देवाचं काही बिघडत नाही.

सूज येईल, संध्याकाळी जास्त. क्रेप बँडेज गुडघ्याच्या वरच गुंडाळलं तर खालचा पाय आणखी सुजतो. गुंडाळायचंच तर पावलापासून वर. सुजेसाठीचं दाब देणारं स्टॉकिंग माप घेऊन, फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरूनच, आणि त्वचा बरी झाल्यावर. पायाला चीर पडू देऊ नका, अनवाणी शेतात नको. पाय लाल-गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. एकाच पोटरीत अचानक सूज आणि दुखणं असेल तर डॉपलर सोनोग्राफी (शिरांची तपासणी) त्याच दिवशी, आणि त्यासोबत धाप लागली तर सरळ दवाखान्यात, रात्र असली तरी. कॅन्सरच्या रुग्णांत शिरेत गुठळी होण्याचा धोका जास्त असतो.

तपासण्या पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी ठेवतात, मग सहा महिन्यांनी. मांडीसोबत छातीचीही, कारण सार्कोमा पसरला तर बहुधा फुप्फुसात जातो. मिक्सॉइड लायपोसार्कोमाला मणक्यात आणि पोटाच्या मागच्या भागातही जायची खोड आहे. म्हणून न थांबणारी, रात्री जागवणारी पाठदुखी ‘व्यायामाने भरली असेल’ म्हणून घरी ठेवू नका.

पुढच्या भेटीला तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. हाडात रॉडची गरज आहे का? ब्रेस किती अंशांवर आणि कधी उघडायचा? आणि तिसरा : गुडघा वाकण्यातली प्रगती थांबली तर भूल देऊन गुडघा वाकवण्याचा सल्ला कुणी दिला, तर माझ्या हाडाला तो चालेल का? बाकीच्या ऑपरेशनांनंतर हा उपाय सर्रास होतो, म्हणून गावाकडचा कुणी हाडांचा डॉक्टर सहज सुचवेल. आवरण गेलेल्या आणि लाइट घेतलेल्या हाडावर त्या जोराने मांडीच मोडू शकते. या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्जनच्या हातून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या आणि गुडघ्याला जो कुणी हात लावेल त्याला आधी ते पान दाखवा.